कपिलरावांची हिवाळी चाकं

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी कपिलराव सकाळी गाडी घेऊन बाहेर पडले आणि अकराच्या सुमाराला चार चाकं जास्तीची घेऊन परत आले. प्रत्येक चाक काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं, पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं आवळलेलं आणि वर पांढऱ्या शाईनं आकडा टाकलेला. लग्नाचा बस्ता उतरवावा तशी त्यांनी ती डिकीतून एकेक उतरवली. प्रभाताई वरून बाल्कनीतून बघत होत्या. चिकटपट्टीच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. म्हणजे चाकं धुतली होती आणि ओलीच बांधली होती.

ओलं रबर कोंडायचं नसतं, हे वाक्य प्रभाताईंच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिथूनच परत गेलं.

प्रभाताईंनी कराडच्या एसटी डेपोत टायर सेक्शनला एकतीस वर्षं काढली होती. कारकून म्हणून लागल्या आणि अख्खं सेक्शन सांभाळून निवृत्त झाल्या. कुठला टायर किती पळालाय, कुठला नवं रबर चढवायला रिमोल्डला पाठवायचा, कुठला आता पुढच्या चाकाला चालणार नाही पण मागच्याला चालेल, हे त्या कार्ड न बघता सांगायच्या. भलेभले ड्रायव्हर त्यांच्या टेबलासमोर टोपी काढून उभे राहत. पण जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख गावी त्या टायर सेक्शनच्या प्रभाताई म्हणून आल्या नव्हत्या, कपिलरावांच्या सासूबाई म्हणून आल्या होत्या. आणि विमान मुंबईहून सुटायच्या आतच त्यांच्या यजमानांनी, रमेशरावांनी, त्यांना बजावलं होतं की जावयाच्या घरात सूचना करायच्या नाहीत. विचारलं तर सांगायचं, आणि विचारलं तरी थोडंच सांगायचं. रमेशरावांनी चौतीस वर्षं हायस्कूलात भूगोल शिकवला होता. न विचारता सांगणं हा त्यांचा पेशाच असल्यामुळे हा नियम त्यांनी स्वतःला लावून घेतला नव्हता.

तर चाकांचं असं झालं होतं. जर्मनीत गाडीला दोन जोड लागतात, माणसाला स्वेटर आणि सदरा लागतो तसे. थंडीत हिवाळी चाकं, उन्हाळ्यात उन्हाळी. जी अंगावर नसतील ती कुठेतरी ठेवावी लागतात. गेली तीन वर्षं गावाबाहेरच्या एका गॅरेजचा म्हातारा मालक ती आपल्या शेडमध्ये ठेवून घ्यायचा. या वर्षी त्याची कंबर धरली म्हणून धंदाच बंद केला, शेवटची उन्हाळी चाकं चढवून दिली आणि काढलेली हिवाळी कपिलरावांच्या स्वाधीन केली. दुसऱ्या गॅरेजांची यादी भरलेली होती. कपिलराव म्हणाले, आल्झो, चार चाकं आहेत, घरी ठेवू, त्यात काय.

कपिलराव प्रत्येक वाक्याआधी आल्झो, म्हणजे जर्मनमधलं 'तर', म्हणत. प्रभाताईंना पहिले दोन दिवस वाटलं होतं की ते कुणाला तरी हाक मारतायत. जावई म्हणून माणूस सोन्यासारखा, लेकीवर कधी आवाज चढवला नाही, स्वयंपाकघरात भांडी घासतो. पण इंजिनिअर. बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीत होते. चाक फिरतं कसं, यावर त्यांनी बारा वर्षं घालवली होती. चाक थांबल्यावर ठेवायचं कुठे, हा प्रश्न त्यांच्या डिपार्टमेंटकडे कधी आला नव्हता.

पहिला प्रयोग केलरमध्ये झाला. केलर म्हणजे इमारतीच्या पोटातलं तळघर. तिथे प्रत्येक बिऱ्हाडाला लाकडी पट्ट्यांचा एकेक पिंजरा दिलेला असतो. कपिलरावांच्या पिंजऱ्यात आधीच सहा सुटकेसा, नात अन्वीची जुनी बाबागाडी, एकदाच वापरलेली घसरगाडी, गणपतीचं मखर आणि कशात काय आहे हे कुणालाच न आठवणारे नऊ खोके होते. कपिलरावांनी लेझरच्या यंत्राने मोजमाप घेतलं, संगणकावर नकाशा काढला आणि चाकं एकावर एक लटकवायचं लोखंडी झाड मागवलं. ते झाड नकाशात दाराच्या मागे बरोबर बसत होतं.

पुढच्या शनिवारी जेवणं झाल्यावर कपिलराव झाड लावायला खाली गेले. दार आत उघडणारं होतं, म्हणून ते त्यांनी आतून लावून घेतलं, त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत झाड जुळवलं, एकावर एक चारही चाकं चढवली, दोन पावलं मागे सरून समाधानानं बघितलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण आत आहोत. दार चाकांना अडत होतं. चाकं काढून ठेवायला मागे जागा नव्हती, कारण मागे ते स्वतः होते, आणि त्यांच्या मागे मखर.

तळघरात फोन लागत नाही. अर्धा तास झाला तरी जावई वर आले नाहीत म्हणून प्रभाताई पाण्याचा तांब्या घेऊन खाली गेल्या. पट्ट्यांच्या आड कपिलराव बाबागाडीत बसले होते. अशा वेळी सासूनं काय बोलावं याबद्दल रमेशरावांनी काही सांगितलेलं नव्हतं. झाड खालून हलवायचं, चाकं वरून नाही, हे त्यांना दिसत होतं. बुडाचे दोन बोल्ट ढिले केले असते तर झाड एका अंगाला कललं असतं आणि दार निम्मं उघडलं असतं. त्या म्हणाल्या, "चहा आणू का?"

कपिलरावांनी नको म्हणून मान हलवली आणि पट्टीच्या फटीतून पाणी प्यायचा प्रयत्न केला.

तेवढ्यात तळमजल्यावरचे हेर होफमोकल, म्हणजे श्रीयुत होफमोकल, बियरच्या रिकाम्या बाटल्यांचा क्रेट घेऊन खाली आले. सत्तरी ओलांडलेले, ताठ, इमारतीच्या रहिवासी समितीवर असलेले गृहस्थ. इमारतीत कचऱ्याच्या डब्यात कुणी चुकीच्या रंगाची पिशवी टाकली तर ते ती ओळखून त्या माणसाच्या दारात नेऊन ठेवत. त्यांनी क्रेट खाली ठेवला, पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली, कपिलरावांशी दोन वाक्यं बोलले आणि सांगितलं की बाहेरून तीन पट्ट्या उघडता येतील, त्यांच्याकडे स्क्रूचं मशीन आहे. मग घड्याळ बघितलं. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. इमारतीच्या नियमाप्रमाणे एक ते तीन ही दुपारच्या विश्रांतीची वेळ. त्यात मशीन चालवता येत नाही. ते तीन वाजता येतो म्हणाले आणि गेले.

कपिलराव चाळीस मिनिटं बाबागाडीत बसून राहिले. प्रभाताई पायरीवर बसल्या. एकटं कसं सोडायचं. दोघांनी कराडच्या पाण्याबद्दल, अन्वीच्या दाताबद्दल आणि पुन्हा कराडच्या पाण्याबद्दल बोलून घेतलं. बरोबर तीनला हेर होफमोकल मशीन घेऊन हजर झाले, त्यांनी तीन पट्ट्या काढल्या, जावयाला बाहेर घेतलं, पट्ट्या परत लावल्या, बास्ट शो म्हणाले, म्हणजे ठीकच आहे म्हणाले, आणि वर जाऊन सामायिक मालमत्तेच्या पट्ट्या उघडाव्या लागल्याची लेखी नोंद इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे हाउसफरवाल्टुंगकडे, पाठवून दिली.

आता ही गोष्ट बाहेर फुटायचं काही कारण नव्हतं. पण लेकीने, ऊर्मिलाने, ती आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली आणि सल्ल्यांना तोंड फुटलं. एर्लांगेनच्या वेदांगने कळवलं की तो आपली चाकं पलंगाखाली ठेवतो, फक्त पलंग आता सात इंच उंच झालाय. न्युर्नबर्गच्या शिवांगीने सांगितलं की चाकांवर काच टाकून टीपॉय करावा, तिच्याकडे आहे, फार सुंदर दिसतो, फक्त ऑक्टोबरात आणि एप्रिलात चाकं बदलताना पाहुण्यांना चहा हातात धरावा लागतो. कुणी म्हणालं चाकं उभी ठेवा, कुणी म्हणालं आडवी, कुणी म्हणालं दर महिन्याला थोडी फिरवा. प्रभाताई ऊर्मिलाच्या खांद्यावरून हे सगळं वाचत होत्या. डिस्क, म्हणजे मधली लोखंडी थाळी, असलेलं चाक आडवं किंवा टांगून, नुसता टायर उभा. हे डेपोतला झाडूवालासुद्धा जाणत होता. त्यांनी एकदा रमेशरावांकडे बघितलं. रमेशरावांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं.

दुसरा प्रयोग तळघराशेजारच्या गाडीतळात. कपिलरावांच्या गाडीमागच्या भिंतीवर चार लोखंडी आकडे, आकड्यांवर चार चाकं. हे खरोखर छान दिसत होतं. आठ दिवसांनी हाउसफरवाल्टुंगचं पत्र आलं, सोबत रंगीत फोटो. चार चाकं म्हणजे ब्रांडलास्ट, म्हणजे आग लागली तर जळू शकणारा माल. या गाडीतळात वाहनाव्यतिरिक्त असा माल ठेवायला मनाई आहे. सात दिवसांत हलवावा. कपिलरावांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं की गाडीखालच्या चार टायरांना आग लागत नाही का. हे त्यांनी हाउसफरवाल्टुंगला नाही, प्रभाताईंना विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा जावयानं त्यांना टायरबद्दल प्रश्न विचारला होता, आणि तोही असा की ज्याला उत्तर नव्हतं.

खरी काळजी ऊर्मिलाला होती. गेल्या वर्षी कपिलरावांनी रविवारी, आवाजाला मनाई असताना, भिंतीला भोक पाडलं होतं, त्याबद्दल एक आबमानुंग आधीच घरात येऊन पडली होती. आबमानुंग म्हणजे लेखी ताकीद. आता दुसरी आली तर घरमालक घर सोडायला सांगू शकतो, असं तिला ऑफिसातल्या बाईनं सांगितलं होतं. त्या संध्याकाळी कणीक मळता मळता ती म्हणाली, "आई, या घरासाठी आम्ही चोवीस घरं बघितली. शेवटच्या घरी जिन्यात रांग होती, तीस माणसं. अन्वीची शाळा इथून चालत आहे. चार चाकांपायी हे जायला नको."

प्रभाताईंनी परात ओढून घेतली आणि कणीक स्वतः मळायला घेतली. तेवढंच त्यांना करता येण्यासारखं होतं.

मग चाकं घरात आली. घरात म्हणजे प्रभाताई आणि रमेशराव झोपत त्या खोलीत, कपाट आणि भिंतीच्या मध्ये. दार लावलं की रबराचा वास खोलीभर पसरायचा. रमेशराव शिंकून शिंकून बेजार झाले. त्यांनी नाकाला रुमाल बांधला, आणि रबराची लागवड मुळात ब्राझीलहून कशी आली हे त्या रुमालातून सांगत राहिले. प्रभाताईंना मात्र जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदा शांत झोप लागली. सकाळी उठल्यावर त्यांना वाटलं, साडेनऊची हजेरी चुकली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी रमेशरावांचे डोळे सुजले तेव्हा ऊर्मिलाने चाकं बाल्कनीत हलवायला लावली.

बाल्कनीतही काही ठेवता येत नाही, हे नियमात होतंच. पण कपिलराव म्हणाले की नियम सामान साठवण्याबद्दल आहे, सजावटीबद्दल नाही. त्यांनी चाकं कोपऱ्यात एकावर एक रचली, वर लाकडी फळी टाकली, सगळ्याला पांढरा कपडा गुंडाळला आणि फळीवर लांबट कुंडीत लाल जिरेनियम लावले. खालून बघितलं तर फुलांचं स्टँड. अन्वी आठ वर्षांची, तिला मराठी सगळं समजायचं पण बोलायची जर्मन. ती म्हणाली, "दास दार्फ मान निष्ट." हे चालत नाही, असा त्याचा अर्थ. या घरात ते वाक्य इतक्यांदा कानावर पडायचं की प्रभाताईंना ते मारुतिस्तोत्रासारखं पाठ झालं होतं.

प्रभाताईंनी त्याच बाल्कनीत साबुदाण्याच्या पापड्या घालायचं ठरवलं होतं. मे महिना लागला होता, ऊन चांगलं पडत होतं, साबुदाणा भिजत घातलेला होता. सकाळी त्या प्लास्टिकचा कागद अंथरायला गेल्या आणि जिरेनियमच्या आडून एक काळपट तपकिरी पक्षीण त्यांच्याकडे डोळे वटारून बघू लागली. खाली वाटीसारखं घरटं, त्यात चार निळसर अंडी.

कपिलरावांना ही गोष्ट मोठी सोयीची वाटली नाही, पण फारशी अडचणीचीही वाटली नाही. ते म्हणाले, कुंडी अलगद उचलू, पलीकडे ठेवू. त्यांनी कुंडीला हात घातला मात्र, खालच्या अंगणातून हेर होफमोकलांचा आवाज आला. त्यांच्या गळ्यात दुर्बीण होती. ते तडक वर आले. आमझेल आहे, म्हणजे आपल्याकडच्या कस्तुरासारखा पक्षी, म्हणाले. घरटं करून बसलेला पक्षी हलवणं कायद्यानं गुन्हा आहे, दंड होतो, कुंडी बोटभरसुद्धा सरकवायची नाही, आणि कुंडीखालचं तर काहीच नाही. मग त्यांनी कुंडीखाली काय आहे ते कपड्याचं टोक उचलून बघितलं. पुन्हा खाली सोडलं. तीन दिवसांनी हाउसफरवाल्टुंगचं पत्र आलं की बाल्कनीत चार चाकं साठवल्याचं निदर्शनास आलं आहे. चौदा दिवसांत न हलवल्यास आबमानुंग देण्यात येईल.

आता कपिलरावांची अवस्था बघण्यासारखी झाली. एक कार्यालय म्हणत होतं चाकं हलवा, कायदा म्हणत होता हात लावू नका. त्यांनी जिल्ह्याच्या निसर्ग संरक्षण कार्यालयाला लिहिलं. तिथल्या बाईंनी उलट टपाली कळवलं की पिल्लं उडेपर्यंत खालच्या रचनेला धक्का लावता कामा नये. हे पत्र कपिलरावांनी हाउसफरवाल्टुंगला जोडून पाठवलं. हाउसफरवाल्टुंगने कळवलं की पक्ष्याला त्यांची हरकत नाही, हरकत चाकांना आहे. पक्षी राहू शकतो, चाकं जावीत. कपिलरावांनी ते पत्र निसर्गवाल्या बाईंना पाठवलं. बाईंनी कळवलं की पक्षी चाकांवर बसलेला असल्याचं त्यांच्या लक्षात आलं आहे, हवेत बसलेला नाही. शेवटी असं ठरलं की शेवटचं पिल्लू उडाल्यापासून आठ दिवसांची मुदत मिळेल, मात्र शेवटचं पिल्लू कधी उडालं हे लेखी कळवावं लागेल, आणि त्यावर एका तटस्थ रहिवाशाची सही हवी. तटस्थ रहिवासी म्हणून हेर होफमोकलांनी आपलं नाव दिलं.

त्या दिवसापासून बाल्कनी त्यांची झाली. दार हळू लावावं अशी त्यांनी चिठ्ठी आणून दिली. मग कपडे वाळत घालू नयेत, पक्षीण बिचकते. मग सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर बाल्कनीत जाऊ नये. भिजवलेला साबुदाणा त्याआधीच दोन दिवस फ्रिजमध्ये राहून तिसऱ्या दिवशी खिचडीत आणि चौथ्या दिवशी थालीपिठात गेला होता. रमेशराव रोज खुर्ची टाकून काचेआड बसत आणि पक्ष्यांच्या स्थलांतराचे मार्ग सांगत. आमझेल कुठेही स्थलांतर करणार नव्हती. ती चाकांवर बसून होती.

प्रभाताईंचा जीव मात्र वरखाली होत होता. एकतीस वर्षं ज्यांनी शेकडो टायर आपल्या सहीनं आत घेतले आणि बाहेर सोडले, त्यांना चार टायरांसाठी एका पक्षिणीच्या परवानगीची वाट बघत बसावं लागत होतं. आणि मुख्य म्हणजे त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. कपिलराव रात्री जेवताना आल्झो म्हणून नवी योजना मांडत, ऊर्मिला त्यातली खोट काढी, रमेशराव इतिहास सांगत. प्रभाताई वाढत असत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं पिल्लू उडालं. हेर होफमोकलांनी वेळ लिहून सही दिली. सातव्या दिवसापर्यंत कपिलरावांनी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या शेतावरची जागा ठरवली, आणि आठव्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, सकाळी कुंडी बाजूला करून पहिलं चाक उचलायला वाकले ते वाकलेलेच राहिले. कंबरेत उसण भरली होती. त्यांना दोन्ही बाजूंनी धरून सोफ्यावर आणून निजवलं. ऊर्मिला ऑफिसला निघाली होती ती पर्स घेऊन दारातच उभी राहिली. हाउसफरवाल्टुंगचा माणूस बारा वाजता पाहणीला येणार होता.

प्रभाताईंनी पदर खोचला. रमेशराव म्हणाले, "अगं, जड आहेत. तू कशाला मध्ये पडतेस?"

"टायर उचलायचा नसतो," प्रभाताई म्हणाल्या. "चालवायचा असतो."

त्यांनी चाक कडेवर उभं केलं, तळहातानं एक टपली दिली आणि ते बाल्कनीच्या उंबऱ्यावरून, दिवाणखान्यातून, सोफ्यावरच्या जावयाच्या अंगावरून जाता जाता वळून दाराकडे निघालं. प्रभाताई शेजारून नुसत्या चालत होत्या, एक बोट त्याच्यावर ठेवून. रस्त्यानं कुणी शहाणं वासरू न्यावं तसं. दाराच्या चौकटीला पिशवी अडकून टरकन फाटली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा प्रभाताईंना टायरचं तोंड दिसलं.

त्या थांबल्या. चष्मा मागितला. अन्वीने चष्मा आणून दिला. त्यांनी टायर हळूहळू फिरवला, एका जागी अंगठा ठेवला, मग अंगठ्याचं नख रबरात रोवून बघितलं. रोवलं गेलं नाही. खाचांच्या बुडाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. त्यांनी टायर भिंतीला टेकवला, परत बाल्कनीत गेल्या आणि उरलेल्या तिन्ही पिशव्या एकामागून एक फाडल्या. रमेशराव खाकरले. प्रभाताईंनी मागे वळून बघितलं नाही.

"कपिलराव, हे टायर कधी घेतलेत?"

"जुनी गाडी घेतली तिच्याबरोबरच आलेत, आई," कपिलराव सोफ्यावरून छताकडे बघत म्हणाले. "तीन वर्षं झाली. जवळजवळ नवीनच आहेत. नक्षी बघा ना किती खोल आहे."

"नक्षी आहे. टायर मेलाय." त्या त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "टायरवर चार आकडे आहेत ना, अडतीस तेरा, ही त्याची जन्मतारीख. दोन हजार तेरा साल, अडतिसावा आठवडा. चारहींची तीच. बारा वर्षं होत आली. रबर लाकडासारखं झालंय, बर्फात धरणार नाही. डेपोत असते तर मी हे बाद करून फाटकाबाहेर काढले असते. आणि तुम्ही यांवर अन्वीला बसवून डोंगरात नेलंत."

कपिलरावांना उठून बसायचं होतं, पण कंबर उठू देत नव्हती. ऊर्मिलाने पर्स खाली ठेवली, कपाटातून गाडीच्या कागदांची फाइल काढली आणि उभ्या उभ्याच चाळली. म्हाताऱ्या गॅरेजवाल्याच्या पावत्या त्यात होत्या. तिन्ही वर्षांच्या, तारखेवार, भोकं पाडून नीट लावलेल्या. दोन पावत्यांच्या तळाशी त्याने हातानं लिहिलं होतं: हिवाळी टायर जुने आहेत, कृपया बदला. ऊर्मिलाने ते मोठ्यानं वाचलं. कपिलरावांनी डोळे मिटून घेतले.

म्हणजे तळघर, पिंजरा, गाडीतळ, दोन कार्यालयं आणि एक पक्षीण, हे सगळं चार भंगार टायर नीट राहावेत म्हणून चाललं होतं. प्रभाताईंना हसू यायला हवं होतं. त्यांना आला तो राग, आणि तो आला रमेशरावांचा. पण ते आता चहा करायला स्वयंपाकघरात गेले होते, आणि चहा केल्याला त्यांना तीस वर्षं झाली होती.

पुढचं सगळं अर्ध्या तासात झालं. प्रभाताईंनी चाकं एकेक करून लिफ्टपर्यंत चालवली. खाली हेर होफमोकल घड्याळ बघत उभे होते. दारातून पहिलं चाक येताना त्यांनी बघितलं, मागून बोटभर आधार देत येणाऱ्या लुगड्यातल्या बाईंना बघितलं आणि बाजूला सरकून दार धरून उभे राहिले. तिसऱ्या चाकाला त्यांनी स्वतः तसंच बोटानं चालवायला घेतलं. ते सरळ कचऱ्याच्या डब्यांत गेलं. चौथं त्यांनी प्रभाताईंवरच सोडलं. मग आपली ट्रेलरवाली गाडी काढून चाकं गावाच्या भंगार केंद्रावर ते स्वतःच पोचवून आले, कारण डिस्क असलेली चाकं तिथे कुठल्या फाटकातून घेतात आणि कुठल्या वारी, हे सगळ्या इमारतीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं. बारा वाजता आलेल्या माणसाला रिकाम्या बाल्कनीत कुंडी तेवढी दिसली. आबमानुंग टळली. ऊर्मिला ऑफिसला गेलीच नाही. ती आईजवळ बसून उगाचच रडली आणि मग दोघींनी मिळून साबुदाणा भिजत घातला.

रात्री रमेशराव म्हणाले की त्यांना पहिल्यापासून वाटत होतं, प्रभाने बोलायला हवं होतं. प्रभाताईंनी दिवा घालवला.

जूनच्या शेवटी दोघं कराडला परतली. ऑक्टोबरात एका दुपारी प्रभाताई लसूण सोलत बसल्या होत्या, तेवढ्यात फोनवर कपिलरावांचा चेहरा आला. मागे टायरांच्या राशी. नमस्कार चमत्कार झाला नाही. ते म्हणाले, "आई, हिवाळी टायर घेतोय. जरा बघता का?" आणि त्यांनी फोन पहिल्या टायरच्या अंगाला लावला.

प्रभाताईंनी लसूण बाजूला केला, हात पदराला पुसले. उजेड डावीकडून घ्या म्हणाल्या. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसरा ठीक. चौथ्याला त्यांनी फोन जवळ न्यायला सांगितला, परत लांब, परत जवळ. हा त्या तिघांपेक्षा दीड वर्षानं मोठा आहे, म्हणाल्या. जोडीत चालणार नाही, आतून दुसरा आणायला सांगा. तिकडे दुकानदाराशी काही बोलणं झालं. दुकानदारानं फोनमध्ये डोकावून बघितलं आणि कपिलरावांना काहीतरी विचारलं. कपिलरावांनी उत्तर दिलं, त्यात शेफिन असा शब्द होता. दुकानदार आत गेला.

"शेफिन म्हणजे काय हो?" प्रभाताईंनी विचारलं.

"म्हणजे सासूबाई," कपिलराव म्हणाले.

शेजारच्या खुर्चीवरून रमेशराव म्हणाले, शेफ म्हणजे साहेब, शेफिन म्हणजे साहेबीण. प्रभाताईंनी त्यांच्यापुढे लसणाचं ताट सरकवलं. दुसरा टायर आला, त्याची तारीख बरोबर होती, त्यांनी हो म्हटलं, फोन बंद झाला.

पाच मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं की गाडीखालून आता उन्हाळी चार निघतील, ती कुठे ठेवणार, हे विचारायचं राहिलं. त्यांनी लगेच फोन लावला. घंटा पुष्कळ वेळ वाजली. कपिलरावांनी उचलला नाही.